काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे घरी काढता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांची काळी गाडी, बेळगावात खानापूर रोडवर रोजचं जाणं-येणं, उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल-गोल बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. गॅरेजवाला म्हणतो "रबिंग मारून घ्या", म्हणजे मशीनने पॉलिश. हे घरी जमेल का, आणि मशीन घ्यावं का?

जमतं. पण मशीनच्या आधी धुण्याची पद्धत बदला, नाहीतर आज काढलेले ओरखडे दोन महिन्यांत परत येतील. ते रस्त्यावर पडलेले नाहीत, फडक्याने पडलेले आहेत. निघायच्या घाईत कोरड्या गाडीवर जुनं बनियन नाहीतर झटकणी फिरवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. खानापूर बाजूची लाल धूळ बोटांना मऊ लागते, पण तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते रंगापेक्षा कितीतरी कडक. साखर कारखान्याच्या जवळ राहत असाल तर हंगामात चिमणीतून उडणारी चिपाडाची राखही तशीच खरखरीत. धुळीच्या गाडीवर कव्हर घालणंही त्यातलंच. वाऱ्याने कव्हर हललं की घासकाम सुरू.

धुण्याला दोन बादल्या लागतात. एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाला माती खालीच राहावी म्हणून प्लास्टिकची जाळी. कपड्यांची पावडर नको, भांड्याचा साबणही रोजच्या धुण्याला नको, त्याने वॅक्स निघून जातं. आधी पाईपने भरपूर पाणी मारून सुटी माती खाली पाडा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल एक-दीड फूट लांब ठेवा. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून खाली या. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच परत शॅम्पूत. दरवाजाचा खालचा अर्धा भाग आणि मागचा बंपर शेवटी, कारण खरी माती तिथेच असते. चाकांचा मोजा वेगळा, तो बॉडीला लावायचा नाही.

पत्रा हाताला गार लागला पाहिजे, म्हणून सकाळी किंवा सावलीत. पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या, तो पसरून ओढायचा, घासायचा नाही. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी बोअरच्या मानाने हलकं असतं. बोअरचं पाणी उन्हात वाळलं तर चुन्याचे पांढरे गोल डाग बसतात. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून फडक्याने मिनिटभर लावा आणि लगेच धुऊन टाका. जुने डाग क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाऊन आत गेलेले असतात, ते पॉलिशशिवाय हलत नाहीत.

धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर अजून घाण चिकटलेली आहे. उद्यमबाग किंवा मच्छेला फाउंड्रीजवळ गाडी दिवसभर उभी राहत असेल तर लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके होऊन दिसतात, काळ्यावर दिसत नाहीत, नुसते हाताला लागतात. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारा. तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतात. वास सडक्या अंड्याचा, घाबरू नका, पण वाळू मात्र देऊ नका. डांबराचे थेंब टार रिमूव्हरने काढा. उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने. पन्नासेक ग्रॅमचा तुकडा चपटा करायचा, शॅम्पूच्या पाण्याने जागा ओलीचिंब ठेवायची आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवायचा. काळा झाला की दुमडून नवी बाजू घ्या. जमिनीवर पडला तर फेकून द्या, धुऊन वापरायचा मोह करू नका.

आता रबिंगचं. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतात, त्यात वरचा पारदर्शक क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. तुमची जाळी त्या क्लिअरमध्ये आहे. पॉलिश ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून त्याच्या पातळीवर आणतं. म्हणजे दर वेळी थोडा क्लिअर कायमचा जातो. दर दिवाळीला कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं खरखरीत पॉलिश, मारून घेणाऱ्यांच्या गाड्या पाच-सात वर्षांत बॉनेटच्या कडांवर फिक्या का पडतात, ते यातच आलं.

हाताने पॉलिश केल्यास एखादा डाग, दरवाजाच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे निघतात. अख्ख्या काळ्या गाडीला मशीनच हवं, आणि तेही ड्युअल अ‍ॅक्शन. ते फिरता फिरता डोलतं, दाब जास्त झाला की पॅड थांबतो, त्यामुळे नवशिक्याच्या हातून रंग जळायचा धोका कमी. गॅरेजमधलं रोटरी मशीन नुसतं गोल फिरतं, एकाच जागी तापतं. आणि काही जण अँगल ग्राइंडरला फोमचा पॅड लावतात, ते तर अजिबात नको. रोटरी पॉलिशर तीन हजार फेऱ्यांच्या आसपास थांबतं, ग्राइंडर दहा हजारांच्या पुढे जातो. कडेवरचा रंग जायला दोन सेकंद पुरतात.

रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. पॉलिश सुकलं की प्लास्टिकवर पांढरं बसतं आणि निघता निघत नाही. मग बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखून आधी सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅड लावून बघा. त्याने नव्वद टक्के जाळी गेली तर कंपाउंडला हातही लावू नका. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरे. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, एक नंबरवर पॉलिश पसरवा, मग चार-पाचवर न्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकला पाहिजे. सगळे इथेच घाई करतात आणि मग पॉलिशला नावं ठेवतात. आधी आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या निम्म्यावर, असे चार ते सहा हात. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरपा झालाय. बंपर प्लास्टिकचा, तो उष्णता सोडत नाही, तिथे दाब निम्मा.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, आणि पूर्ण गाडीला चार-पाच पॅड ठेवा. पॉलिशने ओलाचिंब झालेला पॅड कापत नाही, नुसता तापतो. चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, डिस्टिल्ड वॉटर चार भाग असं मिश्रण फवारून पुसा आणि मगच टॉर्चने बघा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं. दुकानातून चकाचक आलेली गाडी चार धुण्यांनंतर पुन्हा जाळीदार दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

काळ्या धातुछटेच्या (मेटॅलिक) गाडीला क्लिअर असतोच. पॅडवर काळा रंग यायला लागला तर एक तर तो पॅनेल क्लिअर न मारता रंगवलेला आहे, नाहीतर तुम्ही क्लिअरपार गेलात. दोन्ही वेळेला तिथेच थांबा. नख अडकतं असा ओरखडाही सोडून द्या. त्याच्या मागे लागलात तर ओरखडा राहतो आणि क्लिअर जातो.

शेवटी रंगाच्या संरक्षणाला वॅक्स किंवा सीलंट. कार्नाउबा वॅक्स आपल्या पावसात महिनाभर टिकलं तरी खूप, पॉलिमर सीलंट चार-सहा महिने जातं. "९एच सिरॅमिक कोटिंग म्हणजे ओरखडा पडणारच नाही" असं दुकानदार सांगतो. ते ९एच पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, झटकणीला ते थांबवत नाही. हे सगळं काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर काढा. खंडेनवमी आधी येते, तेव्हा पूजेची हळद-कुंकू आणि गंध त्याच संध्याकाळी पाण्याने सोडवून घ्या, आणि हाराचा दोरा बॉनेटच्या कडेवर घासत ठेवून गाडी पळवू नका.