तीन खेपांच्या नऊ ओळी का होतात?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक कंपनीची ऑर्डर एक्सएमएलमध्ये येते. ती एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका एक्सएमएल कॉलममध्ये जशीच्या तशी ठेवतो. ऑर्डरमध्ये आयटम आणि आयटमखाली डिलिव्हरीच्या खेपा, अशी रचना आहे. एका ऑर्डरमध्ये तीन आयटम होते : पहिल्याला दोन खेपा, दुसऱ्याला एक, तिसऱ्याच्या खेपा अजून ठरायच्यात. क्वेरी मात्र नऊ ओळी देते आणि नगांची बेरीज तिप्पट येते. डिस्टिंक्ट लावूनही फरक नाही. चुकतंय कुठे?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तीन आयटम गुणिले तीन खेपा, म्हणून नऊ. तुमच्या क्वेरीत नोड्स(), म्हणजे जुळणाऱ्या प्रत्येक टॅगची एक ओळ करणारी मेथड, दोनदा असणार, आणि दोन्ही वेळा ते टेबलाच्या मूळ कॉलमवरच लावलेलं असणार. मग कुठली खेप कुठल्या आयटमची, हे सर्व्हरला कळायला मार्गच उरत नाही; तो प्रत्येक आयटमपुढे सगळ्या खेपा मांडतो. या नऊ ओळी एकमेकींपासून वेगळ्याच असतात, त्यामुळे डिस्टिंक्ट काय गाळणार?

पहिलं नोड्स() मूळ कॉलमवर लावा, पाथ ‘/ऑर्डर/आयटम’. त्यातून येणाऱ्या कॉलमला नाव द्या, समजा ‘आ’. दुसरं नोड्स() या ‘आ’वर लावा आणि पाथ नुसता ‘खेप’ लिहा. सुरुवातीला तिरकी रेघ नको. ती दिली की शोध पुन्हा दस्तऐवजाच्या मुळापासून सुरू होतो : ‘/खेप’ला काहीच सापडत नाही, आणि ‘/ऑर्डर/आयटम/खेप’ किंवा ‘//खेप’ लिहिलंत तर नऊ ओळी परत हजर. ही रेघ पटकन नजरेत येत नाही, म्हणून आधी तीच तपासा.

दोन्ही नोड्स() क्रॉस अप्लायने जोडलेत तर आता तीन ओळी येतील, पण तिसरा आयटम गायब असेल, कारण त्याला खेपच नाही. दुसऱ्या ठिकाणी आउटर अप्लाय वापरा. चार ओळी येतील, शेवटच्या ओळीत नग आणि तारीख नल.

टॅगमधलं मूल्य काढणाऱ्या व्हॅल्यू()मध्ये पाथ ‘(नग/टेक्स्ट())[१]’ असा लिहा. कंसाबाहेरचा ‘[१]’ काढलात तर ‘सिंगलटन (एकच मूल्य) हवं’ अशी २३८९ क्रमांकाची एरर येते. ‘@कोड’सारख्या अ‍ॅट्रिब्यूटला त्याची गरज नाही. टेक्स्ट() मात्र शोभेला नाही. त्याने वेग वाढतोच, शिवाय तारखेचा टॅग रिकामा आला तर नल मिळतं. ते नसेल तर डेटटाइममध्ये १ जानेवारी १९०० उमटते, आणि डिस्पॅचवाला ती खेप शतकभर थकलेली समजतो. मेथडची नावं लहान अक्षरांतच लिहा. इथे कॅपिटल चालत नाही.

आयटमचा कोड घेण्यासाठी खेपेवरून ‘../@कोड’ असं मागे जाणं टाळा. चालतं, पण मोठ्या फाइलवर रडतं. ‘आ’ हाताशी आहेच, त्याच्यावरूनच घ्या.

हे सगळं बरोबर असूनही एकही ओळ आली नाही आणि एररही नाही, तर मूळ टॅगमध्ये एक्सएमएलएनएस पाहा. तिथे डिफॉल्ट नेमस्पेस (टॅगची नावं कुठल्या संचातली, हे सांगणारा पत्ता) असेल, तर क्वेरीच्या आधी विथ एक्सएमएलनेमस्पेसेसमध्ये तोच पत्ता अक्षरन् अक्षर द्यावा लागतो. आधीचं स्टेटमेंट अर्धविरामाने बंद करायला विसरू नका.

एसक्यूएल सर्व्हर सोडून पोस्टग्रेस या डेटाबेसवर गेलात तर १० व्या आवृत्तीपासून याच कामाचं एक्सएमएलटेबल आहे. तिथे ओळीचा पाथ थेट खेपेपर्यंत देऊन आयटमचा कोड ‘../@कोड’ने घेता येतो, पण बिनखेपेचे आयटम त्यात येत नाहीत.

प्रश्न : एक्सएमएल फाइलमधली मराठी नावं एसक्यूएल सर्व्हरच्या टेबलात प्रश्नचिन्हं होऊन बसतात. क्वेरीत अवतरणातल्या मजकुराआधी एन (N) हे अक्षर लावलं तर ‘एन्कोडिंग बदलता येत नाही’ अशी एरर येते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एन लावणं बरोबरच आहे, तो नसल्यामुळेच प्रश्नचिन्हं येत होती. पण एन लावलेला मजकूर यूटीएफ-१६ असतो आणि फाइलची पहिली ओळ यूटीएफ-८ सांगते. मजकूर चिकटवून भरत असाल तर ती पहिली ओळ काढून टाका. थेट फाइल उचलत असाल तर ओपनरोसेट बल्कमध्ये सिंगल ब्लॉब घ्या. मग मजकूर कच्च्या बाइट्सच्या रूपात येतो, पार्सर ती ओळ स्वतः वाचतो आणि काहीच काढावं लागत नाही.