क्वीनचं ते बेसवालं गाणं

प्रश्न: क्वीन तर रॉक बँड ना, मग ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ लागलं की डिस्कोसारखं नाचावंसं का वाटतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: कारण गाणं बेस गिटारवाल्याचं आहे हो! जॉन डीकनने लिहिलं, आणि शिक (Chic) या डिस्को बँडच्या १९७९च्या ‘गुड टाइम्स’ची छाप त्याच्या बेसवर सरळ ऐकू येते. ड्रमर रॉजर टेलरला हे प्रकरण फारसं रुचलं नव्हतं, तरी गड्याने ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून तो कोरडा ठक-ठक आवाज काढून दिला आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला आपला गायक फ्रेडी मर्क्युरी तर घसा फाटेस्तोवर गायला. सिंगल (म्हणजे एकटं गाणं वेगळं) काढाच, असं मायकल जॅक्सनने सुचवलं आणि १९८०त अमेरिकेत थेट एक नंबर. ठेका मिनिटाला साधारण ११० ठोक्यांचा, म्हणजे सीपीआरलाही (हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचा प्रथमोपचार) चालतो, फक्त ‘आणखी एक गेला’ अशा अर्थाचे शब्द पेशंटला ऐकवू नका!