टक्कल, शीर्षासन आणि मांजरीची मिशी

शीर्षासन किंवा मालिश करून डोक्यात रक्त वाढवलं तर टकलावर केस येतील का, आणि मांजरीची मिशी उपटली गेल्यावर रक्त का आलं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

डोक्याला रक्ताची टंचाई नसतेच. टकलाला खोक पडली तरी भळाभळा वाहतं. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा: टोकाला पांढरी, कोरडी गाठ दिसेल. तो मुदत संपवून गळलेला. वाढता केस उपटला तर मूळ काळपट, ओलसर दिसतं. रक्त मात्र कशालाच नाही, कारण रक्तवाहिन्या केसात नसून मुळाखालच्या पॅपिला नावाच्या बोंडात आणि भोवतालच्या जाळ्यात असतात. पॅपिला सहसा कातडीतच राहते, म्हणून उपटलेला केस परत येतो.

हे जाळं केसाच्या चक्राबरोबर बदलतं. केस वाढत असताना दाट, थांबला की विरळ. रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन उंदरांच्या केसांच्या मुळांत जास्त तयार करवलं तेव्हा केस जाड झाले, हे २००१ साली दिसलं. म्हणजे रक्ताचा संबंध नाही असं नाही. पण पुरुषी टकलात मूळ आधी हार्मोनमुळे आक्रसतं, आणि छोट्या मुळाला रक्तही थोडंच लागतं. नॉर्मन ऑरेंट्राइख या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५९ साली दाखवलेली गोष्ट मला सगळ्यात पटते: मागचे केस टकलावर लावले तर तिथल्याच रक्तावर ते छान वाढतात. दोष जमिनीचा असता तर रोप जगलं नसतं.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांना अंगभर केस येऊ लागले म्हणून डोक्याला लावायचं औषध झालं. नुसत्या वाहिन्या रुंदावून ते काम करतं असं मात्र नाही. तसं असतं तर रक्तदाबाच्या प्रत्येक गोळीने केस आले असते! शीर्षासन करायचं तर करा, मानेला जपून. मालिशने झोप चांगली लागते, तेही काही कमी नाही.

आता मिशी. तिचं प्रकरणच निराळं. मांजर, उंदीर, कुत्रा, सील यांच्या मिशीचं मूळ जाड आवरणात असतं आणि आत रक्ताने भरलेली पोकळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली मांजरीच्या ओठाचा आडवा छेद पाहिला तर मधोमध केस आणि भोवती हे रक्ताचं कडं. रक्ताच्या दाबाने मूळ ताठ राहतं आणि केस जरा हलला तरी भोवतालच्या मज्जातंतूंना कळतं. मुळाशी इजा झाली की रक्त येणारच. थेंबभर येऊन थांबलं असेल तर काळजी नको. ओठ सुजला किंवा पू दिसला तर पशुवैद्याला दाखवा. मिशी बहुधा परत येईल.