जुन्या डेस्कटॉपला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. 24 इंची, 100 हर्ट्झचा (सेकंदाला 100 वेळा चित्र ताजं करणारा) स्वस्त मॉनिटर घेतल्यास कोणती केबल लावावी?

एचडीएमआयच लावा. व्हीजीए अ‍ॅनालॉग असल्याने 1920×1080 ला बारीक अक्षरांच्या कडा बहुतेकदा पुसट दिसतात, आणि दिवसभर एक्सेल किंवा मराठी टायपिंग करणाऱ्याच्या डोळ्यांना तेच जाचतं. एचडीएमआय 1.4 या रिझोल्यूशनला 120 हर्ट्झपर्यंत पुरतं, त्यामुळे 100 साठी महागडी केबल नको. अडचण पीसीच्या बाजूने येऊ शकते: इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सचं (वेगळं कार्ड नसलेल्या पीसीचं) एचडीएमआय 1920×1200 ला 60 हर्ट्झवरच थांबतं. अशा पीसीला डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा आणखी एक पोर्ट) असेल तर तो वापरा आणि मॉनिटरलाही तो आहे ना, हे घेण्याआधी बघा. पीसीचा डिस्प्लेपोर्ट मॉनिटरच्या एचडीएमआयला साध्या अडॅप्टरने सहसा जोडता येतो, पण उलट दिशेला तो चालत नाही. तिथे वीज लागणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दुकानदार हा फरक क्वचितच सांगतो.

जोडल्यावर दोन गोष्टी हमखास राहतात:
- वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा.
- विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन 100 हर्ट्झ निवडा. बऱ्याचदा ते 60 वरच असतं.

पॅनल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस किंवा व्हीए घ्या. टीएन या तिसऱ्या प्रकारावर बाजूने पाहताना रंग उतरतात. 27 इंच मात्र 1080 मध्ये घेऊ नका, जवळून अक्षरांचे ठिपके जाणवतात.