घड्याळ ‘उठा’ म्हणतं तेव्हा तुमच्या हातात काय असतं?

“मॅडम, घड्याळातलं ॲप सांगतं तेवढं चालणं मला जमतच नाही. मी आळशीच आहे.” हे इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा माणूस मनगट चाचपायला लागला की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं.

कोथरूडच्या एक काकू (तपशील थोडे बदललेत). साखर काठावर, बँकेत काउंटरला, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुलाने परदेशातून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि रोज १०,००० पावलांचं लक्ष्यही लावून दिलं.

“नाही झाली तर?”

“रात्री पलंगावर बसून हात हलवते. मोजतं ते.”

“कोणासाठी?”

बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, “तो तिकडून बघतो ना. त्याला वाटायला नको, आई स्वतःची हेळसांड करते.”

मी समुपदेशक, विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे ‘झालंच पाहिजे’ असले हट्ट तपासून बघायची रीत, मानणारी. त्यामुळे मला पावलं दिसलीच नाहीत, ‘जमलंच पाहिजे’ हा हट्ट दिसला. उपदेशाचा मोह आवरणं मला आता बऱ्यापैकी साधलंय. एवढंच सांगितलं, की १०,००० हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने आपलं पावलं मोजायचं यंत्र त्या नावाने विकलं, तिथून तो आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तर साधारण ७,५०० नंतर वेगळा फायदा दिसला नाही.

मग काम दिलं. चालायचं नाही. घड्याळ थरथरलं की हातात काय होतं, तेवढं लिहायचं.

पुढच्या वेळी पैसे भरायच्या स्लिपेच्या मागे लिहून आणलं होतं. ‘११, रांग, पासबुक. ४, रोकड मोजतेय. ७, आईंना भरवतेय. ९.३०, ओटा पुसला, काही नाही.’ वाचता वाचता स्वतःच हसल्या. “मेलं हे भलत्या वेळीच हाका मारतंय!” आळशीपणाचं भूत तिथेच उतरलं. मी काहीच बोलले नव्हते, आणि त्याचंच मला समाधान आहे.

साडेनऊची सूचना ठेवली, बाकीच्या बंद केल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. आकडे मुलाला दिसणं त्यांनीच बंद केलं, त्याला फोनवर सांगून. तो जरा रुसला.

अमेरिकेतल्या ‘हार्टस्टेप्स’ या चालायला सुचवणाऱ्या ॲपच्या प्रयोगात दिवसातून पाच वेळा, सूचना पाठवायची की नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं जाई. चालायची सूचना आली की पुढच्या अर्ध्या तासात पावलं वाढत, पण दिवस जातील तसा तो परिणाम ओसरत गेला. कटकट वाढवून काही साधत नाही, ती नेमक्या वेळी यावी लागते. आणि ती वेळ तुमच्याच दिवसात सापडते.

तेव्हा आठवडाभर लक्ष्य बाजूला ठेवा, नुसतं नोंदवा. तुमची नेहमीची पावलं किती ते बघा, त्यावर पाचशे-हजार चढवा. तुमचे आकडे आणखी कोणाला दिसतात, तेही सेटिंगमध्ये तपासा. औषधाच्या किंवा इन्सुलिनच्या आठवणी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.