स्टेम सेल मिळवायला दुधाचा दात चांगला की अक्कलदाढ?

प्रयोगशाळेत सुरुवात करणार असाल तर अक्कलदाढ घ्या. साधारण 18 ते 25 वयातली, कीड नसलेली, मूळ पूर्ण बंद न झालेली. पल्प (दाताच्या आतला मऊ गर, ज्यात स्टेम सेल असतात) भरपूर मिळतो आणि दाढ शस्त्रक्रियेने काढलेली असल्याने तो ताजा असतो. 2000 साली पल्पमधल्या स्टेम सेल प्रथम वेगळ्या केल्या गेल्या, त्याही अक्कलदाढांतूनच.

दुधाच्या दातातल्या पेशी (2003 साली प्रथम वेगळ्या केलेल्या) जास्त वेगाने वाढतात, पण समोरच्या एका दातातून भांड्याच्या तळाला चिकटून वसाहत करणाऱ्या पेशी जेमतेम 12 ते 20 निघाल्या होत्या. शिवाय घरी आपोआप पडलेल्या दातातला पल्प बहुधा सुकलेला असतो. दात हलत असताना, मुळाचा थोडा भाग शिल्लक असतानाच डॉक्टरांकडून काढून घ्या. ऑर्थोडोंटिक (दात सरळ करण्याच्या) उपचारासाठी काढलेल्या उपदाढाही उत्तम, त्या निरोगी असतात.

दात अँटिबायोटिक घातलेल्या थंड माध्यमात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात), 4 अंशांवर, शक्यतो 24 तासांच्या आत पोहोचवा. गोठवू नका. दात कापताना बरवर (ड्रिलच्या फिरत्या टोकावर) पाणी सोडत राहा, कोरड्या बरच्या उष्णतेने पेशी मरतात. पल्प बारीक चिरून कोलॅजिनेज 3 मिग्रॅ/मिली आणि डिस्पेज 4 मिग्रॅ/मिली या ऊती विरघळवणाऱ्या एन्झाइम्समध्ये 37 अंशांवर तासभर ठेवा, मग 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. वेळ लांबवली तर पेशींचे पृष्ठभाग खराब होतात.

सर्वात जास्त नमुने जंतुसंसर्गाने वाया जातात. म्हणून किडलेला दात मुळात घेऊच नका. अक्कलदाढेच्या मुळाच्या टोकाशी असलेला पॅपिला हा मऊ ऊतीचा भाग आधी वेगळा करा, त्यातल्या स्टेम सेल निराळ्या प्रकारच्या असतात.