खोड हवी, बिघाड नको : जुना व्हिडिओ कॅमेरा निवडताना

प्रश्न : मी दृश्यकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रायोगिक व्हिडिओसाठी जुना ॲनालॉग कॅमेरा घेण्याचा विचार करीत आहे. सोनीच्या १९६७ सालच्या पोर्टापॅक या सोबत नेता येणाऱ्या व्हिडिओ संचाबद्दल वाचल्यापासून तसाच एखादा कॅमेरा मिळावा असे वाटते. दुसरीकडे, पूर्वी लग्नांचे शूटिंग करणारे आमच्या ओळखीचे एक काका माळ्यावर पडलेला, खांद्यावर घेऊन चालवायचा व्हीएचएस कॅमेरा स्वस्तात द्यायला तयार आहेत. ट्यूबचा कॅमेरा घ्यावा की सीसीडीचा?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : पोर्टापॅकचा मोह समजण्यासारखा आहे, पण पहिल्या खरेदीसाठी त्याचा नाद सोडावा. अर्धा इंच रुंदीची उघड्या रिळावरची टेप, वेगळा रेकॉर्डर, आतील जुने रबरी पट्टे आणि निकामी झालेली बॅटरी हे सगळे चालू स्थितीत आणण्यातच तुमचे वर्ष संपेल आणि कलाकृती मात्र राहून जाईल.

ट्यूब की सीसीडी या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कॅमेऱ्याची कोणती खोड हवी आहे यावर अवलंबून आहे. ट्यूबच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेले चित्र प्रकाशसंवेदी थरावर पडते आणि इलेक्ट्रॉनांचा झोत ते ओळीओळीने वाचत जातो. कमी उजेडात एका फेरीत ते चित्र पुरते पुसले जात नाही, म्हणून हलत्या दिव्यामागे शेपूट राहते आणि चालणाऱ्या माणसामागे त्याचीच फिकट सावली रेंगाळते. साध्या व्हिडिकॉन ट्यूबमध्ये हे रेंगाळणे अधिक असते. सॅटिकॉनमध्ये आणि स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या प्लम्बिकॉनमध्ये कमी. सीसीडीच्या कॅमेऱ्यात ट्यूबच्या जागी प्रकाशसंवेदी चिप असते. तिचे चित्र असे रेंगाळत नाही, पण प्रखर दिवा चौकटीत आला की त्याच्यातून वर-खाली जाणारी एक सरळ उभी रेघ उमटते. काळ, स्मृती, विरघळणारी आकृती असे काही मनात असेल तर ट्यूब घ्यावी. रात्रीच्या शहरातील दिव्यांशी खेळायचे असेल तर ती उभी रेघही कमी देखणी नसते.

कॅमेरा पाहायला जाताना खिशात छोटी विजेरी आणि सोबत व्हिडिओ इनपुट असलेला एखादा छोटा टीव्ही न्यावा. खोली अंधारी करून विजेरी भिंगासमोरून आडवी फिरवली की शेपूट उमटते की उभी रेघ, हे लगेच कळते आणि विकणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. मग कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे वळवावा. तिथेही खिडकीचा किंवा दिव्याचा जुना आकार कायम दिसत असेल, तर ती ट्यूब भाजलेली आहे. एखाद्या कलावंताला तो डागही हवासा वाटेल, पण तो आपण केलेला नसून आधीच्या मालकाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच पैसे मोजावेत.

खोड हाताला उत्तर देते: तुम्ही दिवा हळू फिरवला की शेपूट बदलते. बिघाड उत्तर देत नाही. रंग आपोआप उडणे किंवा चित्र थरथरून काळे पडणे यामागे बहुधा गळके कपॅसिटर, म्हणजे सर्किटवरचे वीज साठवणारे छोटे भाग असतात. १९८० च्या दशकाच्या अखेरच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या छोट्या कॅमेऱ्यांना हा रोग विशेष आहे. कॅमेरा तापल्यावर मासळीसारखा वास आला तर आतला द्राव सर्किटवर उतरला आहे असे समजावे. असा नमुना आज चमत्कारिक चित्र देईल आणि पुढच्या आठवड्यात काहीच देणार नाही.

आता काकांच्या कॅमेऱ्याविषयी. लग्नाच्या शूटिंगचे असे बहुतेक कॅमेरे सीसीडीचे असतात, तेव्हा शेपटीची अपेक्षा ठेवू नये. टेपची यंत्रणा बंद असेल तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण कॅमेरा मोडमध्ये व्हिडिओ आउटमधून थेट चित्र मिळत असेल तर तुमचे निम्मे काम झाले. काही मॉडेल मात्र कॅसेटची यंत्रणा अडकली की स्वतःच बंद पडतात, म्हणून निदान दहा-पंधरा मिनिटे सलग चालवून पाहावे. ते चित्र जुन्या काचेच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडावे आणि कॅमेरा त्याच टीव्हीकडे रोखावा. चित्रात चित्र शिरत जाते. कॅमेरा थोडा कलता धरला की त्याचे चक्र होते आणि टीव्हीचे ब्राइटनेस व कॉन्ट्रास्टचे खटके कुंचल्यासारखे वापरता येतात. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी थोडा थांबतो, त्यामुळे त्यावर हा खेळ निराळा आणि माझ्या मते बराच निर्जीव होतो.

रेकॉर्डिंगसाठी स्वस्त यूएसबी कॅप्चर, म्हणजे चित्र संगणकात उतरवणारे उपकरण घेतले तर सिग्नल फाटला की ते फ्रेम गाळते किंवा निळा पडदा दाखवते, म्हणजे नेमका हवा तो क्षण हरवतो. त्यापेक्षा खोली अंधारी करून टीव्हीचा पडदाच डिजिटल कॅमेऱ्याने टिपावा. आपल्याकडील पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणून डिजिटल कॅमेराही २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे, म्हणजे काळे पट्टे बहुतांशी टळतात.

प्रश्न : अमेरिकेतील माझा मामेभाऊ तिकडचा जुना कॅमेरा पाठवायला तयार आहे. तो इथे चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालेल, पण तीन अडचणींसह. तो एनटीएससी पद्धतीचा, म्हणजे ५२५ ओळींचा आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रांचा असेल. आपली पाल पद्धत ६२५ ओळींची आणि ५० अर्धचित्रांची आहे (दोन अर्धचित्रे मिळून एक फ्रेम होते). इथले जुने टीव्ही त्याचे चित्र रंगाविना दाखवतील किंवा ते वर-खाली सरकत राहील, तेव्हा दोन्ही पद्धती ओळखणारा टीव्ही शोधावा. त्याचा चार्जर ११० व्होल्टचा असल्यास तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला चुकूनही थेट लावू नये. तिसरी गोष्ट अशी की आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवरील जुन्या ट्यूबलाइटखाली त्या कॅमेऱ्याचे चित्र लुकलुकते. दिवसाउजेडी ती अडचण राहत नाही, आणि लुकलुकणेच हवे असेल तर ट्यूबलाइट चालू ठेवावी.

कॅमेरा जुलैत हाती आलाच तर भिंग उजेडासमोर धरून बुरशीचे कोळिष्टक आहे का ते पाहावे आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. ट्यूबचा कॅमेरा असेल तर भिंगाला झाकण लावून आडवा ठेवावा, तोंड खाली करून कधीही ठेवू नये. ट्यूबमधील सुटे कण प्रकाशसंवेदी थरावर पडले की त्यांचे ठिपके चित्रात दिसू लागतात.